शेरभर रव्याचे वजन

जिच्या पळीने आजवर कोणाला "किती हवे?" असे विचारले नाही आणि तरीही कोणाला कमी पडू दिले नाही, त्या अन्नपूर्णामातेला प्रथम वंदन करतो. खांद्यावर भिक्षेची झोळी घेऊन दारोदार फिरणाऱ्या, मिळेल ते समभावाने स्वीकारणाऱ्या दत्तगुरूंच्या चरणी मस्तक ठेवतो. जुन्या जालन्यातील आमच्या गल्लीच्या दत्तमंदिरात यंदाच्या जयंती उत्सवाची पुस्तिका निघत आहे. तिच्यासाठी साहेबांविषयी चार पाने लिहावीत, अशी विश्वस्तांची आज्ञा झाली. पाने लहान की मोठी, अक्षर बारीक की ठळक, हे त्यांनी सांगितले नाही. साहेब येथे असते, तर हा प्रश्न त्यांनीच आधी विचारला असता आणि उत्तर मिळेपर्यंत मला लेखणी उचलू दिली नसती.

साहेब वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले निरीक्षक. मूळचे घनसावंगीकडचे, शेतकरी घरातले. निवृत्तीनंतर सात वर्षे ते आमच्या वरच्या खोलीत भाडेकरू म्हणून राहिले. मी चाळीस वर्षे विद्यार्थ्यांना संस्कृत शिकवले आणि दत्तमंदिरातील पूजाही सांभाळली. धातुरूपे चुकविणाऱ्या मुलांपुढेही माझा आवाज कधी चढला नाही, अशी माझी ख्याती होती. ती ख्याती साहेबांनी पहिल्या आठवड्यातच संपुष्टात आणली.

आले त्या दिवशी सामान वर लावून ते खाली पाणी मागायला आले. स्वयंपाकघरात माझी पत्नी पितळी वाटीने तांदूळ काढीत होती.

"वहिनी, ही वाटी कितीची हाय?"

"वाटीएवढी," ती म्हणाली.

साहेब पाणी न पिताच उभे राहिले. मग अत्यंत दुःखी स्वरात मला म्हणाले, "गुरुजी, वाटी म्हंजी माप न्हाई. भांडं हाय."

हे वाक्य पुढील सात वर्षांत मी किती वेळा ऐकले, याची गणती केवळ चित्रगुप्ताकडे असेल. दुसऱ्याच दिवशी त्यांनी गल्लीतील अकरा घरांतून अकरा वाट्या मागून आणल्या, आमच्या ओसरीवर ओळीने मांडल्या आणि प्रत्येकीत पाणी भरून ते काट्यावर तोलले. सर्वांत लहान वाटीत एकशे दहा ग्रॅम पाणी मावले, सर्वांत मोठीत दोनशेच्या वर. "आन ह्या बाया एकमेकीला सांगून राह्यल्या, एक वाटी बेसन घे म्हून!" असे म्हणून त्यांनी कपाळाला हात लावला. परत देताना वाट्यांची अदलाबदल झाली आणि तीन घरांतील गृहिणी आठवडाभर माझ्या पत्नीशी बोलेनाशा झाल्या. त्याचे साहेबांना काहीच नव्हते.

त्यानंतर आमच्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटू लागल्या. आमची वाटी त्यांनी दीडशे मिलीलीटरची ठरविली होती. रव्याच्या डब्यावर लिहिलेले असे : एक वाटी, सपाट, एकशे पाच ग्रॅम. साखरेवर एकशे पंचवीस. बेसनावर दोन आकडे, चाळलेल्याचा एक आणि दाबलेल्याचा दुसरा, शिवाय खाली सूचना, "बेसनावर विश्वास ठेवू नये, त्यात हवा असते." वाटी तीच, तरी प्रत्येक पदार्थाचे वजन निराळे, हे सत्य ते मला रोज नव्याने सांगत. जणू ते मला ठाऊकच नव्हते आणि जणू ते कळल्याने माझा मोक्ष जवळ येणार होता.

माझी पत्नी माझ्याहून चतुर. एकदा आमटीत हिंग घालताना साहेबांनी विचारले, "चिमूट म्हंजी किती ग्राम?" तिने एक चिमूट हिंग सरळ त्यांच्या काट्यावर टाकला. काटा शून्यावरून हलला नाही.

"तुमचा काटा म्हणतो, काहीच नाही. आता आमटीला विचारा."

साहेब खजील होतील असे मला वाटले. ते तिसऱ्या दिवशी ओळखीच्या सराफाकडून सोन्याचा नाजूक काटा मागून घेऊन आले. सराफ म्हणे दुकानाच्या दारापर्यंत त्यांच्यामागे विचारीत आला, "साहेब, काय तोलून राह्यले?" "हिंग," हे उत्तर ऐकून तो परत फिरला.

पूजेच्या वेळीही सुटका नसे. मी तीर्थ दिले की ते तळहात किंचित वरखाली करून म्हणत, "आज जरा जास्त पडलं, गुरुजी." एका सत्यनारायणाला मी कथा सांगत होतो. प्रसादाचे साहित्य सव्वा मापाने घ्यावे, हा भाग आला. यजमान हात जोडून बसलेले, घरातील मंडळी डोळे मिटून ऐकत असलेली, आणि साहेबांचा आवाज आला :

"सव्वा म्हंजी वजनानं का मापानं?"

मी संयमाने म्हणालो, "श्रद्धेने."

"बराबर. पर श्रद्धा सपाट भरायची का शिगोशिग?"

यजमानांच्या सुनेला हसू आवरेना. तिला आत जावे लागले. मी अध्याय पुन्हा पहिल्यापासून सुरू केला, आणि त्या वेळी माझ्या मनात साहेबांविषयी जे विचार आले त्यांचे प्रायश्चित्त म्हणून मी दुसऱ्या दिवशी उपवास केला.

एक चूक मात्र माझी. त्यांना गप्प करावे या हेतूने मी एकदा सांगितले की हा प्रश्न आपल्या पूर्वजांना नवा नव्हता. जुन्या वैद्यकग्रंथांत कुडव, प्रस्थ, आढक अशी मापे आहेत, आणि कुडवापासून पुढे पातळ पदार्थ दुप्पट घ्यावेत असा संकेतही आहे. मला वाटले, साहेब नतमस्तक होतील. त्यांनी वही काढली. पुढे चार महिने मी संध्येला बसलो की खिडकीतून प्रश्न येई, "गुरुजी, त्या कुडवात रवा किती बसंल?"

आणि हे सारे करणाऱ्या गृहस्थांना स्वयंपाक येत नव्हता! त्यांची खिचडी ग्रॅमपर्यंत मोजलेली असे आणि नेहमी खारट असे, कारण मीठ त्यांना प्रिय होते आणि त्यांनी त्या प्रीतीचेच वजन करून ठेवले होते.

असो. ज्या प्रसंगामुळे विश्वस्तांना त्यांची आठवण झाली, तो सांगतो.

मंदिराच्या मुदपाकखान्यात तीस वर्षांहून अधिक काळ एका मावशींनी प्रसाद रांधला. त्या, त्यांची विधवा सून आणि नात मंदिरामागच्या दोन खोल्यांत राहत. खोल्या प्रसादाच्या सेवेबरोबर दिलेल्या होत्या. तीन वर्षांपूर्वी, जयंतीला दोन महिने असताना, मावशींना अर्धांगवायूचा झटका आला. उजवे अंग गेले, वाणी अडखळली. सेवा सुनेकडे आली खरी, परंतु तिने आजवर पाणी भरले होते, तूप कढवले होते, चूल सांभाळली होती; मापाला हात मावशींचाच असे. भीतीने ती शेराचे माप कधी दाबून भरी, कधी ढिले. एक दिवस शिरा सैल झाला, दुसऱ्या दिवशी घट्ट.

आमचे अध्यक्ष शेठजी. धान्याच्या व्यापारातले, कुटुंब मूळचे राजस्थानचे, पण चार पिढ्यांपासून जालन्याचे. माणूस कनवाळू, मात्र व्यवस्थेला पक्का. ते मला म्हणाले, "गुरुजी, उत्सवाला पाचशे माणूस येतंय. मी केटररशी बोलून ठेवतो."

केटरर आला की सेवा गेली, आणि सेवा गेली की दोन खोल्याही गेल्या. हे शेठजी बोलले नाहीत, मीही बोललो नाही. सून दाराआड उभी होती. तिने ते न बोललेले ऐकले.

मी एक संधी मागितली. शेठजींनी जयंतीच्या पंधरा दिवस आधी परीक्षा ठरविली. आणि साहेब, ज्यांना कोणी विचारले नव्हते, ते म्हणाले, "सूनबाई, माप सोडा. मी तुम्हाला वजन काढून देतो. हात थरथरला तरी काटा थरथरत न्हाई."

मंदिरातील शेर पितळी, जुना, बुडाला किंचित पोचा आलेला. साहेबांनी तो तीन दिवस छळला. पोच्यासकट त्यात पाणी किती मावते ते पाहिले : आठशे ऐंशी ग्रॅम. मग रवा : सहाशे पंधरा. साखर : साडेसातशे. तूप : आठशे. भरताना शेर सपाट की शिगोशिग, हे विचारायला ते मावशींच्या खाटेपाशी गेले. मावशींनी डावा तळहात हवेत आडवा फिरविला. सपाट. साहेबांचे समाधान झाले. त्यांनी जेवढे विचारले, तेवढ्याचेच उत्तर त्यांना मिळाले, हे त्या वेळी कोणाच्याच ध्यानात आले नाही.

बारा शेर रवा हे उत्सवाच्या शिऱ्याचे ठरलेले माप. त्याचे सात किलो तीनशे ऐंशी ग्रॅम झाले. साखर, तूप, दूध, पाणी, सर्वांची वजने एका कागदावर सुवाच्य अक्षरांत उतरली. सुनेने तो कागद देवाच्या पायांना लावला आणि भिंतीवर चिकटविला.

परीक्षेच्या दिवशी सारे ग्रॅमला ग्रॅम मोजून पडले. शिरा झाला, परंतु कढईत झारा रोवला तर तो उभाच राहिला. प्रसाद घशाखाली उतरेना. शेठजींनी घास कसाबसा गिळला.

"साहेब, ह्याच्यानं भिंत बांधता येईल."

सुनेच्या डोळ्यांत पाणी आले. शेठजी लगेच वरमले. "बेटा, तुझा दोष न्हाई. पण उत्सव हाय. असं करू, जयंतीच्या सकाळी पहिली कढई तू लाव. केटररचा माणूस मी तयार ठेवतो. जमली तर जमली."

साहेब घरी आले ते बोलेनात. ते राहायला आल्यापासून प्रथमच घरात शांतता होती, आणि खरे सांगतो, मला ती सोसेना. संध्याकाळी ते ओसरीवर येऊन बसले. "काटा बराबर. पाणी बराबर. तूप बराबर. मंग रवा वाढला कुठून?"

मी सहज म्हणालो, "मावशींच्या हाताची गोष्टच निराळी. किती भाविक! प्रत्येक शेर भरला की त्यातली एक मूठ परत पोत्यात सोडीत. बरकतीची मूठ. पोते कधी रिते होऊ नये म्हणून. साखरेला नाही, पाण्याला नाही, फक्त धान्याला."

साहेबांनी वही उघडली.

"प्रत्येक शेरातून?"

"प्रत्येक."

"आन हे तुम्ही तीस वर्सं पाह्यलं?"

"पाहिले. नमस्कारही केला."

"नमस्कार केला!" ते ताडकन उठले. "गुरुजी, बारा मुठी रवा पोत्यात जाऊन राह्यला, आन तुम्ही हात जोडून उभे? मी शेराचा पोचा मोजला, हवा मोजली, आन बारा मुठी तुमच्या नमस्कारात गेल्त्या!"

एरवी मी त्यांच्यावर वैतागत असे. त्या एका संध्याकाळी त्यांना माझ्यावर वैतागण्याचा पूर्ण अधिकार होता, आणि त्यांनी तो यथेच्छ वापरला. मी ऐकून घेतले. मला जी भक्ती वाटली, तेच माप होते. हे मला समजायला हवे होते. सुनेनेही ती मूठ शेकडो वेळा पाहिलेली. परंतु शेर गेला, कागद आला, आणि कागदावर मूठ कोठे टाकावी हे लिहिलेले नव्हते.

आता प्रश्न उरला मुठीच्या वजनाचा. मूठ मावशींची, आणि मावशींचा उजवा हात मिटत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब रव्याचे छोटे पोते, शेर आणि काटा घेऊन मावशींच्या खाटेपाशी गेले. मीही गेलो. सुनेने सासूच्या पाठीला उशी लावली. साहेबांनी काट्यावर ताटली ठेवली आणि म्हणाले, "मावशी, डाव्या हातानं एक मूठ घ्या आन हितं टाका."

मावशींनी मूठ घेतली. ताटलीवर टाकली नाही. हात तसाच हवेत धरून त्या मान हलवीत राहिल्या.

"टाका ना, मावशी. जल्दी न्हाई, पर टाका."

पुन्हा मान हलली. सून हळूच म्हणाली, "साहेब, ती मूठ पोत्यातच जाती. दुसरीकडं टाकत न्हाईत."

येथे वाद होणार, असे मला वाटले. साहेबांनी सरकारी अधिकारी असताना भल्याभल्या व्यापाऱ्यांची मापे जप्त केली होती. पण त्यांनी ताटली उचलून बाजूला ठेवली आणि भरलेला शेरच काट्यावर चढविला. आकडा वहीत लिहिला. "घ्या, मावशी. तुमच्या मनासारखं करा."

मावशींनी शेरातून मूठ भरली आणि पोत्यात सोडली. साहेबांनी शेराचे उतरलेले वजन वाचले. शेर पुन्हा भरला, पुन्हा मूठ, पुन्हा आकडा. तीन वेळा. एकोणऐंशी, ब्याऐंशी, एकोणऐंशी.

"ऐंशी धरतो," साहेब म्हणाले. त्यांनी काही 'धरले', असे मी प्रथमच ऐकले.

ऐंशी गुणिले बारा, म्हणजे जवळजवळ किलोभर रवा जास्त पडला होता. कागदावरचा सहाशे पंधराचा आकडा खोडून तेथे पाचशे पस्तीस आला. सारा रवा एकदम तोलावा असे साहेबांचे मत होते. सुनेने खाली मान घालून सांगितले, "बारा वेळाच तोलू द्या. आत्याबाई बारा मोजायच्या." साहेब कुरकुरले, पण म्हणाले, "बारा तर बारा. हिशेब एकच हाय."

जयंतीच्या सकाळी मुदपाकखान्यात शेठजी होते, मी होतो, आणि दारापाशी पांढरी टोपी घातलेला केटररचा माणूस हाताची घडी घालून उभा होता. तूप तापले होते. सुनेने पहिले पातेले काट्यावर ठेवले, रवा ओतला. पाचशे पस्तीस. साहेबांनी मान डोलावली. तिने पातेले उचलले आणि त्यातली एक मूठ भरून पोत्यात सोडली.

मी डोळे मिटले आणि दत्तगुरूंचे नाव घेऊ लागलो.

"सूनबाई," साहेबांचा आवाज आला, "ती मूठ वजा केलेली हाय. मी आधीच काढलीया."

"माहीत हाय, साहेब."

"मंग?"

"देवाच्या दिवशी पोत्याला तसंच कसं ठिवू? आत्याबाईनं कव्हाच ठिवलं न्हाई." पातेले तिने खाली ठेवले नाही. "शिरा सैल झाला तर होऊ द्या. मी मूठ सोडल्याबिगर कढईत टाकणार न्हाई."

शेठजींनी केटररच्या माणसाकडे पाहिले. त्याने हाताची घडी सोडली. मी डोळे उघडले. साहेबांच्या मानेच्या शिरा फुगलेल्या होत्या. आता "गुरुजी, सांगा हिला" असे काहीतरी ते ओरडतील आणि दोन खोल्यांचा निकाल येथेच लागेल, असे मला वाटले.

साहेबांनी खिशातून पेन काढले.

"पातेलं परत काट्यावर ठिवा," ते म्हणाले. "रवा भरा. आता घ्या मूठ. तुमची मूठ, आत्याबाईची न्हाई. सोडा पोत्यात."

तिने सोडली. त्यांनी आकडा पाहिला. "अजून एकदा." पुन्हा पाहिला. "अजून." तिचा हात लहान होता. पंचावन्न भरले. साहेब भिंतीकडे गेले, पाचशे पस्तीसवर रेघ मारली आणि वर लिहिले : पाचशे नव्वद.

"आता ह्यो आकडा तोला आन बिनघोर मूठ सोडा. तुमच्या हाताचा रवा मी धरून ठिवलाय."

बारा वेळा तिने तोलले, बारा वेळा मूठ पोत्यात गेली, आणि बारा वेळा साहेबांनी वाकून उरलेले वजन वाचले. बाराव्या खेपेनंतर ते बाजूला झाले.

शिरा मऊ, मोकळा, तुपाने चमकणारा झाला. पहिला द्रोण मावशींकडे गेला, दुसरा शेठजींनी घेतला. खाऊन झाल्यावर त्यांनी आणखी एक मागितला, आणि केटररच्या माणसाला म्हणाले, "भाऊ, आता आलाच आहात तर प्रसाद घेऊन जा. घरच्यांसाठी बी न्या."

त्या दिवसापासून सेवा सुनेकडे आहे आणि ते कुटुंब मंदिरामागे सुखाने नांदत आहे. साहेब गेल्या वर्षी गावी परतले. तेथील गुऱ्हाळवाल्यांना ते काहिलीतला रस मापाने नव्हे, वजनाने सांगायला लावतात असे ऐकतो. त्या बिचाऱ्यांच्या सहनशीलतेसाठी मी नित्य प्रार्थना करतो.

वाचकहो, आपल्या घरातील चूल सदैव प्रसन्न राहो. रांधणाऱ्या हाताला आरोग्य लाभो, आणि त्या हाताकडे नीट पाहणारे कोणीतरी त्याच घरात असो. आपल्या दारी आलेला अतिथी तृप्त होऊन जावो, मुलाबाळांच्या पानात कधी उणे न पडो, आणि अन्नपूर्णेची कृपादृष्टी आपल्या उंबऱ्यावर अखंड राहो. शुभं भवतु.